‘आमच्यात’ म्हणेल त्याने चहा करावा

नारायण पेठेत वाढलेल्या माणसाकडे गौरवलेख मागणं हे संपादकांचं धाडसच म्हणायला हवं. आमच्या घरी कौतुकाचा सर्वांत वरचा शब्द ‘बरं’ हा होता. माझ्या वडिलांनी आईच्या पुरणपोळीला जन्मभर ‘बरी झालीय’ यापलीकडे काही म्हटलं नाही, आणि आईनेही कधी तक्रार केली नाही, कारण तिच्या माहेरी तेवढंही म्हणत नसत. तरीही प्रा. शकुंतला साळवे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणून बसलो. साळवेबाईंबद्दल ‘बऱ्या आहेत’ एवढंच लिहून भागणार नाही, हे हो म्हटल्यावर लक्षात आलं.

बाईंची आणि माझी पहिली भेट डबा खाताना झाली. उदारीकरणाची ती पहिली वर्षं होती. शनिवार पेठेतल्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. मधल्या सुटीत प्राध्यापकांच्या खोलीत गेलो आणि जे टेबल मोकळं दिसलं तिथे डबा उघडला. समोर अर्थशास्त्राचे देवस्थळीसर बसले होते. वयाने आणि अधिकाराने ज्येष्ठ. त्यांनी शेअरबाजाराच्या पानावरून नजर न काढता मला सांगितलं, “हे टेबल अर्थशास्त्राचं. मानसशास्त्र खिडकीपाशी बसतं.”

मी डबा उचलला. तेवढ्यात मागून आवाज आला, “मग मी कुठे बसायचं, सर? शिकवते अर्थशास्त्र, प्रबंध केलाय राजकीय तत्त्वज्ञानात, आणि मन मलाही आहे असं घरचे म्हणतात.”

बोलणाऱ्या बाई मध्यम उंचीच्या, सुती साडीतल्या, हातांना खडूची पूड. देवस्थळीसर हसले नाहीत. बाईंनाही त्यांनी हसावं अशी अपेक्षा नव्हती. बाईंनी एक खुर्ची ओढली, दोन टेबलांच्या बरोबर मधे ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन जेवायला लागल्या. मला वाटलं, नवीन माणसाची बाजू घेण्यासाठी केलेली ही गंमत असेल. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच बसल्या. नंतर कळलं की त्या नोकरीला लागल्यापासून तिथेच बसत होत्या. मांडीवर डबा घेऊन.

बाईंच्या कामाबद्दल लिहायचं तर या खुर्चीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यांचं म्हणणं साधं होतं. अर्थशास्त्रातला माणूस हिशेबी, मानसशास्त्रातला माणूस गोंधळलेला, समाजशास्त्रातला माणूस चार लोक काय म्हणतील त्याला भिणारा, आणि राज्यशास्त्रातला माणूस सदान्‌कदा काहीतरी मागणारा. “लक्ष्मी रस्त्यावरून चालतो तो यातला कोणता?” असं त्या विचारत. “की तिथे चौघे चालतात आणि साडी एकच घेतात?” त्यांचा दावा असा की ही सगळी शास्त्रं वर कितीही भांडली तरी त्यांच्या बुडाशी काही प्रश्न समाईक आहेत. कोणाचं कोणाला काय देणं लागतं. निवड माणसाची खरी कधी आणि लादलेली कधी. न्याय्य वाटणी कशाला म्हणायचं. हे प्रश्न राजकीय आणि आर्थिक तत्त्वज्ञानाचे. त्यांची उत्तरं प्रत्येक शास्त्र गुपचूप आधीच धरून चालतं आणि मग ‘आम्ही फक्त निरीक्षण करतो’ म्हणून हात वर करतं. बाई कोथरूडच्या एका सोसायटीत राहत. त्या म्हणत, “आमच्या इमारतीसारखं आहे हे. विंगा चार, आणि पार्किंगवरून रोज भांडणं. पण जमिनीखाली पाण्याची टाकी एकच. टाकीत काय पडलंय ते बघायला मात्र कोणी उतरत नाही.”

त्या उतरल्या. दर गुरुवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी एक वर्ग सुरू केला. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यांनी यावं, कोणत्याही विषयाच्या शिक्षकांनी यावं. पुढे विद्यापीठाच्या परवानगीने त्याचा रीतसर पेपरही झाला. मी पहिल्यांदा गेलो तो नवीन माणूस म्हणून बोलवलं तर जायला हवं एवढ्यासाठीच. नंतर गुरुवार चुकला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

या वर्गाचा एकमेव नियम कसा झाला ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

देवस्थळीसर एका गुरुवारी कुतूहलापोटी आले होते. लोक स्वतःच्या तोट्याचे निर्णय का घेतात यावर मी काहीतरी बोलत होतो. सर मधेच म्हणाले, “हे तुमचं ठीक आहे, पानसे. पण आमच्यात असं मानत नाहीत. आमच्यात माणूस स्वतःचं हित जाणतो.”

मीही पेठेतलाच. म्हणालो, “आमच्यात मात्र तो झोपेत आणि लग्नात हित जाणत नाही असं सिद्ध झालंय.”

मुलं हसली. बाईंनी खडू खाली ठेवला. त्या हसत नव्हत्या.

“एक सांगू का,” त्या म्हणाल्या. “मी शाळेत होते. आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला त्यानंतरची गोष्ट. एका मैत्रिणीच्या घरी गेले होते, इथेच, पेठेत. तहान लागली म्हणून पाणी मागितलं. तिच्या आत्याने मला ओंजळ करायला सांगितली आणि वरून पाणी ओतलं. अगदी मायेने ओतलं हं. आणि म्हणाल्या, ‘बाळ, रागावू नको, आमच्यात असंच असतं.’ त्या कडू बोलल्या असत्या तर मी विसरून गेले असते.”

बाई पुढे म्हणाल्या, “तेव्हापासून हा शब्द ऐकला की माझे हात आपोआप ओंजळ व्हायला बघतात. आता सर म्हणाले, पानसे म्हणाले, दोघांच्याही मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण बघा ना, शास्त्रांच्याही जातीच झाल्यात की. एकमेकांकडे चहा पितो आपण, म्हणजे रोटीव्यवहार सुरू झाला. बेटीव्यवहाराचं नाव काढलं की प्रत्येकाला ‘आमच्यात’ आठवतं. अर्थशास्त्राची कल्पना मानसशास्त्राच्या घरी नांदायला गेली तर कोणाचं काय बुडतं?” मग त्या नेहमीसारख्या हसल्या. “तर आजपासून नियम. या वर्गात जो ‘आमच्यात’ म्हणेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. म्हणायचंच असेल तर ‘आपल्यात’ म्हणा. मराठीने दोन शब्द दिलेत, दुसराही वापरून बघू.”

त्या दिवशी चहा देवस्थळीसरांनी आणि मी मिळून केला. सरांना स्टोव्ह पेटवता येत नव्हता आणि मला साखरेचा अंदाज नव्हता. बाईंनी तो चहा घेतला आणि ‘बरा झालाय’ म्हणाल्या. पेठेत न राहताही त्या आमची भाषा बोलत होत्या. त्या ओंजळीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. सर मात्र पुढे नियमित यायला लागले, आणि एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाले, “अहो, तो शब्द मी दिवसातून किती वेळा वापरतो हे मला माहीतच नव्हतं. काल बायकोशी बोलायला गेलो तर वाक्यच सुरू होईना.”

वर्गात काय चालायचं, याचं एक उदाहरण देतो. चिन्मय नावाचा आमचा एक विद्यार्थी होता. त्याचा मोठा भाऊ एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि वडिलांच्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून त्याचा पहिलाच पगार मोठा निघाला. तेव्हा कोथरूडमधल्या घराघरांत हे घडत होतं. त्यानंतर वडिलांनी मंडईत जाणं सोडलं. रोज जाणारा माणूस, अचानक बंद. चिन्मयने हे वर्गात मांडलं आणि आम्ही सगळे तुटून पडलो. अर्थशास्त्र म्हणालं, घरात पैसा आल्यावर वेळ महाग होतो. मी म्हणालो, माणूस खचलाय. समाजशास्त्रवाल्यांनी घरातल्या दर्जाचा विषय काढला. राज्यशास्त्राच्या एका मुलीने सत्ता बापाकडून मुलाकडे गेल्याचं जाहीर करून टाकलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चिन्मयला म्हणाल्या, “त्यांना कोणी विचारलं का?”

पुढच्या गुरुवारी चिन्मय विचारून आला. वडील म्हणाले होते, “दादा म्हणतो, बाबा, एवढ्याशा पैशांसाठी काय घासाघीस करता, सांगतील ते देऊन टाका. मग मी मंडईत जाऊन करू काय?”

यावर बाईंनी जो प्रश्न फळ्यावर लिहिला तो मला आजही जसाच्या तसा आठवतो. ‘घासाघीस ही त्यांची गरज होती की हक्क?’ गरज असेल तर मुलाने त्यांना मोकळं केलं. हक्क असेल तर मुलाने तो काढून घेतला, तोही प्रेमाने. एकाच कृतीत स्वातंत्र्य मिळालंही आणि गेलंही. हे ठरवायचं तर भावही कळायला हवा, मनही, घरही आणि अधिकारही, आणि शेवटी चांगलं जगणं कशाला म्हणायचं हेही ठरवावं लागतं. तिथे टाकीत उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. मी मानसशास्त्रात जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या फळ्यावरच्या ओळीमुळे नव्याने शिकलो, असं मी म्हणतो तेव्हा माझे सहकारी नाराज होतात. होऊ देत.

टीकाही भरपूर झाली. एका परिसंवादात एका विद्वानांनी ‘साळवेबाईंनी शास्त्रांची भेळ केली आहे’ असं म्हटलं. बाई उठून म्हणाल्या, “धन्यवाद. भेळेत चुरमुरा चुरमुराच राहतो आणि कांदा कांदाच. म्हणून तर ती खाववते. शिळी झाली की सगळ्याचा लगदा होतो. मी ताजी करते आहे.” पण एकीकरणाचा जो मोठा ग्रंथ त्यांच्याकडून अपेक्षित होता, तो त्यांनी लिहिला नाही, हे इथे लिहायला हवं. छोटं एक पुस्तक झालं, काही निबंध झाले. मी अनेकदा त्यांच्या मागे लागलो. त्या म्हणायच्या, “एकटीने लिहिलं तर ते परत माझंच होईल.” मला हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. त्यांनी लिहायला हवं होतं. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण बाईंना खोटं कौतुक जास्त बोचतं.

मग तो पेपर गेला. बाईंच्या आयुष्यातली ही सर्वांत कठीण वेळ, आणि त्यात त्यांनी जे केलं त्यावरून मी त्यांच्याशी भांडलोही होतो.

शतकाच्या शेवटाकडे सगळ्या शहराला संगणकाचं वेड लागलं होतं. महाविद्यालयाला नव्या अभ्यासक्रमांसाठी खोल्या हव्या होत्या, तासिका हव्या होत्या. नजर फिरत फिरत आमच्या पेपरवर आली. अभ्यास मंडळाच्या बैठकीत प्रश्न एकच विचारला गेला: हा पेपर नक्की कोणाचा? ज्या विभागाचा असेल त्याने तो चालवावा, नाहीतर बंद करावा. बाईंनी ‘अर्थशास्त्राचा’ एवढा एक शब्द उच्चारला असता तर पेपर वाचला असता. मात्र मग तो फक्त अर्थशास्त्राच्या शिक्षकांनीच शिकवायचा, बाकीच्यांनी बाहेर, असं ठरणार होतं. मी बैठकीला होतो. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हा पेपर कोणाचाच नाही, म्हणून तर तो सगळ्यांचा आहे.”

पुढच्या आठवड्यात इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं, ‘सदर पेपर कोणाचाच नाही असे प्रा. साळवे यांनी स्पष्ट केले. सबब तो बंद करण्यात यावा.’ अर्धं वाक्य उतरवून घेतलं आणि अर्धं टाकलं. पुण्यात माणूस इतक्या शुद्ध मराठीतही बुडू शकतो.

मी त्यांच्या घरी गेलो आणि नाही नाही ते बोललो. “एक शब्द, बाई. एक शब्द बोलला असतात तर वर्ग राहिला असता. तत्त्वाचं लोणचं घालणार का आता?”

बाई ओट्याशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “तो एक शब्द बोलले असते तर वर्ग ‘आमच्यात’ गेला असता, पानसेसर. मग तुम्हाला मी ओंजळ करायला सांगितली असती.”

त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. बाईंना रडताना मी तेवढंच पाहिलं. “तुम्हाला परत जायला एक टेबल तरी आहे,” त्या म्हणाल्या. “खिडकीपाशी का होईना. मला कुठलंच ‘आमच्यात’ नाही हो. हा वर्ग होता.”

पुढच्या गुरुवारी वर्ग भरला. बाईंच्या सोसायटीच्या पार्किंगमधे, स्कूटरींच्या मधे, घरून आणलेल्या सतरंजीवर. हॉल मागितला होता. तो फक्त सभासदांच्या मंगलकार्यासाठी असल्याचं चिटणीसांनी कळवलं. मुलं थोडी कमी आली. देवस्थळीसर रिक्षा करून आले आणि कोणी विचारलं नसतानाही म्हणाले, “इकडे काम होतं.” चहाचा नियम कायम राहिला, फक्त दंड भरायला आता तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या स्वयंपाकघरात जावं लागे. लिफ्ट बहुधा बंद असायची, त्यामुळे लोक जपून बोलू लागले.

हा वर्ग टिकेल असं मला वाटत नव्हतं. पाठीशी संस्था नाही, पदवी नाही, गुण नाहीत. येणार कोण? आले ते गाड्या लावायला पार्किंगमधे येणारेच. लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेली तरुण मंडळी आधी हेल्मेट काढेपर्यंत ऐकायची, मग हेल्मेट मांडीवर घेऊन बसायची. ऋजुता त्यांच्यातलीच. ती मोबाइलवरच्या विम्याच्या ॲपचे स्क्रीन तयार करायची. एका गुरुवारी म्हणाली, “बाई, एक डाउट आहे. आमच्या टीममधे ‘हो’ चं बटन मोठं आणि हिरवं ठेवायला सांगतात, ‘नाही’ खाली बारीक. नव्वद टक्के लोक न वाचता ‘हो’ दाबतात. मॅनेजर म्हणतो, युजरचा चॉइस आहे, अपनेको क्या. तर हा खरंच त्यांचा चॉइस म्हणायचा का?”

बाईंचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. आयुष्यभर ज्याच्या मागे होत्या ते सगळं त्या पोरीच्या एका बटनात मावलं होतं. त्या दिवशी वर्ग इतका लांबला की चिटणीस स्वतः खाली आले, आणि दिवे बंद करायचं सोडून तेही वाद घालू लागले. दोन्ही बटनं सारख्या आकाराची व्हावीत म्हणून ऋजुता कंपनीत किती भांडली ते तिचं तिला माहीत. शेवटी निदान तिच्या एका स्क्रीनवर तरी ती झाली. त्या गुरुवारी बाई तिला म्हणाल्या होत्या, “फार छान प्रश्न आणलास. आता वर जा आणि चहा टाक. ‘आमच्या टीममधे’ म्हणालीस.”

“बाई, टीम काउंट होते?”

“सगळ्यात आधी.”

आता एक घरगुती आठवण. माझी आई शेवटच्या आजारात रुग्णालयात होती. तोंडाला चव नव्हती, कोणाच्याही हातचं काही जात नव्हतं. बाई दुपारच्या वेळी मऊ भाताचा डबा घेऊन आल्या. मी धास्तावलो. माझ्या आईचं सगळं आयुष्य ‘आमच्यात’ या शब्दावर उभं होतं. कोणाकडे काय खायचं, कोणाकडे नुसतं पाणी प्यायचं आणि कोणाकडे उपास आहे म्हणून सांगायचं, याचा तिच्याकडे पक्का नकाशा होता. बाईंचं आडनाव तिला माहीत होतं. बाईंनी चमच्याने भरवायला सुरुवात केली आणि आईने खाल्लं. सगळा भात संपवला. मग तोंड पुसून घेत म्हणाली, “बरा झालाय. पण उद्या मेतकूट आणा थोडं. आपल्यात मेतकुटाशिवाय मऊ भात खात नाहीत.”

मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. आईला आपण काय बोललो याची काही कल्पना नव्हती. ती कूस बदलून झोपली. जिन्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, “पानसेसर, तुमच्या आई वर्गात न येता पास झाल्या.” दुसऱ्या दिवसापासून आई जाईपर्यंत डब्यात मेतकूट असायचं. हे ऋण फेडायच्या भानगडीत मी पडलो नाही. काही ऋणं अंगावर राहू द्यावीत.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. अमृतमहोत्सवी समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राचार्य, सत्काराची तारीख ठरवायला बाईंच्या घरी आले होते. गुरुवार होता. वर्ग आता बाईंच्या दिवाणखान्यात भरतो, कारण गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरवत नाही. मी होतो, ऋजुता होती, नेहमीची मंडळी होती. अध्यक्षांनी सभागृह, शाल, श्रीफळ, मानपत्र असं सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या, “नको हो. आमच्यात सत्कार वगैरे करत नाहीत.”

अध्यक्ष भला माणूस. ते एकदम ओशाळले. “हो हो, माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुमच्यात नारळ वगैरे चालत नाही. आपण फुलं देऊ, बुद्धमूर्ती देऊ...”

“अहो, तसं नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्यात म्हणजे इथे. गुरुवारच्या वर्गात.”

ऋजुता हळूच म्हणाली, “बाई, चहा.”

आपण काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं. आम्हालाही. ज्यांच्यासमोर तो शब्द उच्चारायची आमची छाती नव्हती, त्या बाई आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःसाठी वापरून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. अर्थशास्त्रवाले, सॉफ्टवेअरवाले, आपली हातातली काठी सांभाळत बसलेले चिटणीस. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तोंडातून कसा गेला कळलंच नाही. आज समजलं, पानसेसर, लोकांना तो एवढा का आवडतो. उबदार शब्द आहे हो.”

कोणीतरी म्हणालं, “बाई, बसा तुम्ही, आम्ही करतो चहा.” बाई म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम,” आणि ओट्याच्या आधाराने उभं राहून त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला. अध्यक्षांनाही दिला. त्यांना काय चाललंय ते शेवटपर्यंत समजलं नाही. सत्काराऐवजी हा ग्रंथ काढायचं त्या चहावर ठरलं.

लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. बाई, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य मिळावं, असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे.

लिहून गेलो. खोडत नाही. पुढच्या गुरुवारचा चहा माझ्याकडे. साखरेचा अंदाज मला अजूनही नाही, तेव्हा तो ‘बरा झालाय’ म्हणायला तुम्ही असायला हव्यात, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही, आणि आपल्यातलं कोणी ना कोणी चुकत राहील त्या प्रत्येक गुरुवारी.